'अंतर्गत बाब' म्हणे!

दुसऱ्या देशातल्या यादवी युद्धात जगाने नाक खुपसू नये, असं सांगणारे हल्ली फार झालेत. 'त्यांची अंतर्गत बाब आहे' म्हटलं की विषय संपला! या मंडळींना मी एकच नाव सांगतो. मुल्लिवायक्कल.

श्रीलंकेच्या ईशान्य किनाऱ्यावरची ही चिंचोळी वाळूची पट्टी. १९८३ पासून चाललेलं युद्ध मे २००९ मध्ये इथे संपलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये लिहिलं, की शेवटच्या टप्प्यात मेलेल्या सामान्य माणसांचा आकडा ४० हजारांपर्यंत असू शकतो.

आधीच सांगतो, लिट्टेबद्दल मला काडीचंही प्रेम नाही. १९९० मध्ये उत्तरेतल्या मुसलमानांना घरादारातून हाकलणारी, शाळकरी पोरांच्या हातात बंदुका देणारी, राजीव गांधींचा खून करणारी ती संघटना. शेवटी तर जीव वाचवून पळणाऱ्या आपल्याच तमिळ माणसांवर तिने गोळ्या झाडल्या. सगळं मान्य. पण म्हणून तिने ओलीस धरलेल्यांवर तोफा डागायचा परवाना सरकारला मिळतो का? सरकारने स्वतः जाहीर केलेल्या 'सुरक्षित क्षेत्रा'तही तोफगोळे पडले. दवाखानेसुद्धा सुटले नाहीत.

हे घडू शकलं, कारण बघणारं कोणी ठेवलंच नव्हतं. सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने हात वर केले, सुरक्षेची हमी देणार नाही म्हणाले, आणि संयुक्त राष्ट्रांनी किलिनोच्चीतून आपली माणसं काढली. लोक फाटकाशी येऊन 'जाऊ नका' म्हणून विनवत होते. पत्रकारांना रणक्षेत्राकडे फिरकायची मुभा नव्हती. कोलंबोत जानेवारी २००९ मध्ये संपादक लसंथा विक्रमतुंगे यांना भररस्त्यात संपवलं.

मी बातमीदार आहे. आमच्याकडे एसटी उलटली तरी पहिला प्रश्न 'किती?' हाच असतो. तिथे याच प्रश्नाचा खेळ झाला. युद्धक्षेत्रात ७० हजारच लोक आहेत, असं सरकार सांगत राहिलं. अन्न आणि औषधं जायची ती या हिशोबाने. प्रत्यक्षात शेवटी छावण्यांत किती निघाले? पावणेतीन लाखांच्या वर! कागदावर माणसं कमी दाखवली की धान्यही कमी पाठवता येतं, आणि मेलेल्यांचा हिशोबही द्यावा लागत नाही.

जगाने काय केलं? संयुक्त राष्ट्रांच्याच लोकांनी १३ मेपर्यंतचे ७ हजार ७२१ मृत्यू मोजले होते. पण वरिष्ठ मंडळी आकडे उघड करायला कचरत राहिली. सुरक्षा परिषदेने या विषयावर एकही औपचारिक बैठक घेतली नाही. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत अहवालाने हे अपयश कबूल केलं. बैल गेला आणि झोपा केला!

आणि आपण? युद्ध संपून दहा दिवसही झाले नव्हते. २७ मे २००९ ला जिनिव्हात मानवी हक्क परिषदेने श्रीलंका सरकारची पाठ थोपटणारा ठराव २९ विरुद्ध १२ मतांनी मंजूर केला. त्या २९ मध्ये भारत होता. पुढे २०१२ आणि २०१३ मध्ये आपण जाब विचारणाऱ्या ठरावांच्या बाजूने, २०१४ मध्ये तटस्थ, २०२१ मध्ये पुन्हा तटस्थ. मेलेली माणसं तीच, पुरावे वाढतच गेलेले. बदललं ते फक्त दिल्लीचं गणित.

'पाश्चात्त्यांचे हात कुठे स्वच्छ आहेत?' हा प्रश्न येणारच. नाहीतच स्वच्छ. २०१२ चा ठराव आणणारी अमेरिका २०१८ मध्ये त्याच परिषदेतून उठून गेली. पण तपासणारा ढोंगी आहे म्हणून प्रेतं खोटी ठरत नाहीत. ढोंगाचा राग असेल तर प्रत्येक युद्धाला तोच नियम लावा, असं म्हणा. तपासच नको, हे कुठलं तर्कशास्त्र?

युद्धानंतर दहा वर्षांनी वाहिलेली चिंता कामाची नाही. ती युद्ध चालू असताना हवी. निरीक्षकांनी तिथेच थांबायला हवं, मृतांचे आकडे रोजच्या रोज जाहीर व्हायला हवेत, पत्रकारांना आत जाऊ द्यायला हवं. आणि मतदानाला आपल्या देशाने हात वर केला, तर का केला, हे आपण विचारायला हवं.

किलिनोच्चीत फेब्रुवारी २०१७ पासून बेपत्ता मुलांच्या आया रस्त्यावर बसल्या. त्यातल्या कित्येकींनी आपल्या हाताने मुलाला सैन्याच्या ताब्यात दिलं होतं. त्या एवढंच विचारतात, 'माझं पोरगं कुठे आहे?' त्यांच्यासमोर उभं राहून म्हणून दाखवा, 'बाई, ही तुमची अंतर्गत बाब आहे.'