कारण एक कीं अनेक?

कापूरहोळास पुणें-सातारा महामार्गापासून भोरचा रस्ता फुटतो आणि सासवडकडे जाणारी वाटही येथूनच निघते. मोटारींचा धूर, शेतांत फवारलेल्या औषधांचा वास, एखाद्या घरांत अजून पेटणारी लांकडांची चूल आणि कोणाच्या हातांतील विडी, हें सारें अशा गांवीं एकाच श्वासांत आंत जातें. मग घरांत कोणास खोकला जडला म्हणजे प्रश्न निघतो, "हें कशानें झालें?" सासूबाई रस्त्याकडे बोट दाखवितात, मुलगा चुलीकडे, सून मामंजींच्या विडीकडे! प्रत्येकास अपराधी एकच हवा असतो, आणि तो शक्यतों दुसऱ्याच्या पदरीं बांधतां येईल असा.

आमच्या मतें येथें प्रश्नच चुकतो. न्यायशास्त्र एकट्यादुकट्या कारणावर भागवीत नाहीं. कारणांची सामग्री जुळली म्हणजे कार्य घडतें असें तें सांगतें. वैद्यकांतील संनिपातही असाच. तिन्ही दोष एकदम बिघडले म्हणजे येणारा ज्वर एकेका दोषाच्या ज्वराहून निराळा असतो. आजचें संख्याशास्त्र हाच विचार आंकड्यांनीं तपासून पाहतें.

अमेरिकेंतील अॅस्बेस्टॉसच्या कामगारांविषयीं हॅमंड, सेलिकॉफ व साइडमन यांनीं १९७९ सालीं दिलेले आंकडे प्रसिद्ध आहेत. दर लाख माणसांमागें वर्षाकाठीं फुप्फुसाच्या कर्करोगानें होणारे मृत्यू असे: अॅस्बेस्टॉस नाहीं आणि धूम्रपानही नाहीं, ते ११, केवळ अॅस्बेस्टॉस, ५८, केवळ धूम्रपान, १२३, दोन्ही असतां, ६०२. आतां पाटीवर बेरीज मांडून पाहा. मूळचे ११, अॅस्बेस्टॉसची भर ४७, धूम्रपानाची ११२, मिळून १७० व्हावेत. प्रत्यक्षांत झाले ६०२! एकानें मूळ आंकडा सुमारें पांचपट होतो, दुसऱ्यानें अकरापट. दोन्ही मिळून पन्नासपटीहून अधिक. म्हणजे येथें बेरीज नव्हे, जवळजवळ गुणाकार झाला.

आपल्या जिल्ह्यांतील उदाहरण आहाराचें आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांची पाहणी केली. सुमारें दोनतृतीयांश मातांच्या रक्तांत ब१२ हें जीवनसत्त्व कमी होतें. मुलें सहा वर्षांचीं झाल्यावर तपासलीं, तेव्हां ज्यांच्या मातांच्या रक्तांत ब१२ कमी आणि फोलेट अधिक होतें, त्यांच्यांत इन्शुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ति सर्वांत अधिक दिसली. हा निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाला. फोलेट तर हितकर! परंतु सोबत कोणाची आहे, यावर बरेंच अवलंबून. म्हणून फोलिक आम्लाच्या गोळ्या टाकून द्याव्यात असें मात्र कोणीं समजूं नये. अर्भकाच्या मज्जारज्जूचें व्यंग टाळण्यास त्या अवश्य आहेत. शाकाहारी घरांतील गर्भवतीचें ब१२ ही वैद्याकडून पाहून घ्यावें, एवढाच बोध.

दोनच घटक असतां चार रकाने पुरतात. वीस घटक असले म्हणजे रकाने दहा लाखांवर जातात. तितकीं माणसें आणावयाचीं कोठून? अलीकडची एक रीत अशी कीं, प्रत्येक घटकाच्या प्रमाणावरून माणसांच्या चार पंगती लावाव्यात, घटकांस वजनें द्यावींत, सर्व वजनांची बेरीज एक ठेवावी आणि त्यांतून निघणारा एकत्रित अंक रोगाशीं ताडून पाहावा. दुसऱ्या रीतींत घटक आणि रोग यांचा संबंध सरळ रेषेचाच असेल असें गृहीत धरीत नाहींत. तरी एक अडचण उरते. जेथें चूल तेथेंच कोंदट घर आणि तेथेंच अपुरें अन्न, अशीं तीं नेहमीं हातांत हात घालून आलीं, तर अन्वय सांपडतो, व्यतिरेक सांपडत नाहीं. चूल आहे पण कोंदटपणा नाहीं, असें घर पाहण्यांत आल्यावांचून कोणतेंही गणित त्यांची फारकत करूं शकत नाहीं.

गुणाकाराच्या या हिशेबांत एक दिलासाही आहे. त्यांतला एक गुणक काढला कीं सारा गुणाकार खालीं येतो. अॅस्बेस्टॉसचें काम करूनही ज्यांनीं कधीं धूम्रपान केलें नाहीं, त्यांचा आंकडा ६०२ नव्हे, ५८ आहे. महामार्ग हलविणें आपल्या हातीं नाहीं. विडी विझविणें आणि चुलीच्या जागीं गॅस आणणें पुष्कळांच्या हातीं आहे. "रस्त्याचा धूर एवढा, तेथें माझ्या विडीचें काय?" असें म्हणणाऱ्या मामंजींनीं हे चार आंकडे पुन्हां वाचावेत. रस्ता शेजारीं आहे, म्हणूनच विडी अधिक महाग पडते.