मास्तर चुकले तर

वेळणेश्वरासारख्या गावात चूक दाखवणं सोपं नसतं. गुहागर तालुक्यातलं हे समुद्रकाठचं गाव. शाळेतले गुरुजी संध्याकाळी किनाऱ्यावर भेटतात, सरपंच भावकीतले निघतात, सभेच्या अध्यक्षस्थानी बसलेल्या काकांनी कधीकाळी खांद्यावर बसवून महाशिवरात्रीची जत्रा दाखवलेली असते. अशा गावातल्या ग्रामसभेत खर्चाचा आकडा चुकीचा वाचला गेला, तर तो चार जणांच्या ध्यानात येतो आणि चौघेही गप्प बसतात. मग रात्री जेवणं आटोपली की ओटीवर त्याच आकड्याचा विषय निघतो. तिथे आकडा मागे पडतो आणि वाचणाऱ्याच्या तीन पिढ्या बाहेर निघतात.

या गप्प बसण्याला आपण एक भारदस्त नाव दिलं आहे: मान राखणं. गुरुजनांची चूक काढू नये, ही आपली संस्कृती आहे, असंही वर सांगितलं जातं. हा पूर्वपक्ष फार जुना वाटतो, पण तपासला तर जुन्या ग्रंथांतच त्याला आधार सापडत नाही.

आपस्तंब धर्मसूत्राचं उदाहरण घ्या. गुरूकडून नियमाचा भंग झाला, मग तो अनवधानानं असो की जाणूनबुजून, तर शिष्यानं तो एकांतात त्याच्या नजरेला आणून द्यावा, असं हे सूत्रकार स्पष्ट सांगतात. एवढ्यावरही गुरू थांबला नाही, तर ते कर्म शिष्यानं स्वतः करावं किंवा गुरूला परावृत्त करावं. म्हणजे सांगण्याची मुभा आहे इतकंच नव्हे, ते शिष्याचं कर्तव्यच आहे. तैत्तिरीय उपनिषदातला आचार्य तर शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला बजावतो, की आमचं जे चांगलं वागणं असेल तेवढंच उचल, बाकीचं नको. आपलं काही वागणं चुकीचंही असेल, हे गुरूनं स्वतःच गृहीत धरलं आहे. धर्मशास्त्राच्या या अफाट पसाऱ्याचा इतिहास पाच खंडांत लिहिणारे भारतरत्न पांडुरंग वामन काणे याच रत्नागिरी जिल्ह्यातले. संस्कृतीच्या नावानं तोंड बंद करणाऱ्यांना लांब जायची गरज नाही.

वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसक पंडितांमध्ये सांगितली जाणारी एक कथा याहून बोलकी आहे. कुमारिल भट्ट शिकवताना एका वाक्याशी अडले. ‘तुनोक्तम्’ आणि ‘अपिनोक्तम्’ ही पदं ‘तु न उक्तम्’, ‘अपि न उक्तम्’ अशी फोडली, तर अर्थ निघत होता की इथे सांगितलेलं नाही, तिथेही सांगितलेलं नाही, म्हणून पुनरुक्ती झाली. दोन्हीकडे सांगितलंच नाही, तर पुनरुक्ती कशाची? गुरू उठून गेल्यावर प्रभाकर नावाच्या शिष्यानं पोथीवर पदं फोडून ठेवली: ‘तुना उक्तम्’, ‘अपिना उक्तम्’. एकीकडे ‘तु’ या शब्दानं सांगितलं, दुसरीकडे ‘अपि’नं, म्हणून पुनरुक्ती. परत आल्यावर कुमारिलांनी ते पाहिलं, हे कुणी केलं म्हणून विचारलं आणि प्रभाकराला ‘गुरु’ ही पदवी दिली. प्रभाकर खरोखर कुमारिलांचा शिष्य होता का, याबद्दल विद्वानांना शंका आहे. पण त्याच्या मताला आजही ‘गुरुमत’ म्हणतात, आणि पिढ्यान् पिढ्या पंडितांनी ही कथा मोठ्या कौतुकानं सांगितली आहे. शिष्यानं गुरूची अडचण सोडवली यात कुणाला उद्धटपणा दिसला नाही.

दुसरा पक्ष गप्प बसण्याच्या अगदी उलट. चूक दिसली की तिथल्या तिथे उठायचं, सर्वांसमोर बोलायचं, मग समोर कुणीही असो. या पक्षाचं लाडकं उदाहरण म्हणजे रत्नागिरीत जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांच्या शाळेतली गोष्ट. शुद्धलेखनात त्यांनी एकच शब्द ‘संत’, ‘सन्त’ आणि ‘सन् त’ असा तीन तऱ्हांनी लिहिला. मास्तरांनी पहिला बरोबर धरला, बाकीचे चूक. मुलानं माघार घेतली नाही. ही गोष्ट सांगणाऱ्यांच्या लक्षात हट्ट राहतो आणि वही विसरली जाते. टिळकांच्या हातात व्याकरण होतं. अनुस्वाराच्या जागी पुढच्या अक्षराच्या वर्गातलं अनुनासिक येतं, हे त्यांना ठाऊक होतं. वाद शब्दाबद्दल होता, मास्तरांच्या लायकीबद्दल नव्हता. ज्याच्याकडे वही नाही, पावती नाही, पुस्तकातलं पान नाही, नुसता चढलेला आवाज आहे, त्यानं टिळकांचं नाव घेऊ नये.

तिसरा पक्ष सगळ्यात समंजस दिसतो, आणि म्हणूनच त्याच्याशी नीट भांडायला हवं. चूक जरूर सांगा, पण खासगीत सांगा, असं तो म्हणतो. आपस्तंबही एकांताचंच सांगतो, हे खरं. पण तो बोलतो आहे गुरूच्या स्वतःच्या आचरणाबद्दल. गुरूच्या वागण्यातला दोष गुरूपाशीच संपतो, तेव्हा तो त्याच्याच कानात सांगावा, यापेक्षा योग्य काही नाही. फळ्यावरच्या चुकीची गोष्ट वेगळी आहे. अधिकच्या जागी वजा पडलं आणि साठ मुलांनी ते उतरवून घेतलं, तर ती चूक मास्तरांची राहत नाही, ती साठ वह्यांची होते. तास संपल्यावर एकानं स्टाफरूममध्ये जाऊन हळूच सांगितलं, मास्तरांनी ‘शाबास’ म्हटलं, दोघांनाही बरं वाटलं. एकोणसाठ वह्या मात्र तशाच घरी गेल्या.

आणि कधी कधी तास संपेपर्यंतही थांबता येत नाही. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसं मेली. के.एल.एम.च्या विमानाचा कप्तान हा त्या कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ वैमानिक, इतरांना शिकवणारा. त्यानं पहिल्यांदा उड्डाणाची घाई केली तेव्हा सहवैमानिकानं त्याला थांबवलं, की अजून परवानगी मिळालेली नाही. थोड्या वेळानं कप्तानानं पुन्हा इंजिनांचा जोर वाढवला. तेव्हा फ्लाइट इंजिनिअरनं, समोरचं विमान अजून धावपट्टीवरून हटलेलं नाही का, अशी शंका विचारली. कप्तानानं ठामपणे ती झटकली, आणि मग कुणी काही बोललं नाही. या आणि अशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी कनिष्ठांना बोलायचं आणि वरिष्ठांना ऐकायचं रीतसर शिक्षण सुरू केलं. मासेमारीच्या होडीवर हे शिक्षण वेगळं द्यावं लागत नाही. पुढे खडक दिसला, तर खलाशी तांडेलाचा मान आठवत बसत नाही, तो ओरडतो. मऊ शब्दात प्रश्न विचारणं हे शिष्टाचाराला शोभतं. पण जिथे इजा होणार आहे, तिथे प्रश्न पुरत नाही, ‘थांबा’ म्हणावं लागतं.

तेव्हा विचारायचं ते एवढंच: चूक कुठवर पोचली आहे, आणि कधी नडणार आहे? जिथवर ती पोचली, तिथवर दुरुस्तीनं जायला हवं. प्रभाकरानं वर्गात हात वर केला नाही आणि गुरूच्या कानातही पुटपुटला नाही. जिथे अडचण होती त्या पोथीवरच त्यानं खूण केली, म्हणजे पुढे वाचणाऱ्या प्रत्येकाला ती मिळणार होती. जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असायचं, त्यामागेही हाच प्रामाणिकपणा होता.

मास्तरांची चूक आपल्या फायद्याची असते, तेव्हा काय करायचं, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही. बेरजेत पाच गुण जास्त पडले, तर किती मुलं उठून उभी राहतात? गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या चरित्रकारांनी त्यांच्या शाळेतली हकीकत सांगितली आहे. वर्गात गणित त्यांचंच बरोबर आलं म्हणून गुरुजींनी शाबासकी दिली, तर हा मुलगा रडू लागला. उत्तराला दुसऱ्याची मदत झाली होती आणि ती शाबासकी त्याला गिळवेना. गोखले जन्मले गुहागर तालुक्यातच, कोतळूक इथे, ९ मे १८६६ रोजी, आणि वेळणेश्वर हे कित्येक गोखले कुळांचं कुलदैवत.

हाच मुलगा पुढे स्वतः मास्तर झाला, नेता झाला, आणि चुकला. १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते इंग्लंडला गेले होते. पुण्यात प्लेगच्या घरझडत्यांत गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं मित्रांच्या पत्रांतून कळलं. गोखल्यांनी ते ‘मँचेस्टर गार्डियन’मधून जाहीर केलं. मुंबई सरकारनं पुरावा मागितला. जुलैअखेर परतल्यावर त्यांनी शोध घेतला, पण पुरावा उभा राहिना. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं मात्र त्यांनी उघड केली नाहीत.

टिळकांना नुकतीच राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती, आणि त्याच दिवसांत ही माफी आली. लोकांनी गोखल्यांना भेकड म्हटलं. तो राग समजण्यासारखा होता. घरझडत्यांत पुणेकरांचे हाल झाले होते, हे सगळं शहर जाणत होतं. सिद्ध होत नव्हता तो एक आरोप. माफी त्या एका आरोपापुरती राहिली असती, तर लोकांच्या खऱ्या गाऱ्हाण्याला धक्का लागला नसता. चुकीपेक्षा मोठी माफी मागणं ही गोखल्यांची दुसरी चूक होती. पण मूळ गोष्टीत ते बरोबर होते. जे छापून सांगितलं, ते छापूनच मागे घेतलं. चार मित्रांत बसून हळहळले नाहीत. पुढे १९०५ साली हेच गोखले बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

गावच्या सभेला हे सगळं करायची सोय आधीच आहे. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा विषय कुठल्याही सभेच्या विषयपत्रिकेत सहसा पहिलाच असतो, तो याचसाठी. मागच्या वेळी जे चुकलं ते दुरुस्त करायला सगळे हजर असतात, कागद समोर असतो, आणि कुणाचा अपमान करायचं कारण उरत नाही. होतं असं की ग्रामसेवक वाचायला लागतो आणि कुणीतरी ओरडतं, ‘वाचलं असं समजा, मंजूर!’ हात वर होतात, सभा पुढे सरकते.

पुढच्या सभेत ते वाचू द्यावं. खर्चाच्या आकड्याशी आलं की मागल्या रांगेतून ज्याला ठाऊक आहे त्यानं उठावं. सरपंचांना एरवी भाऊ म्हणत असेल, तर भाऊच म्हणावं, आणि पावतीवरचा आकडा वाचून दाखवावा. ग्रामसेवकानं जुना आकडा खोडून तिथेच नवा लिहावा, आणि शेजारी सरपंचांनी सही करावी.