गच्चीवर लॉन नको, माळावरची गवते लावा

पुणे रस्त्यालगतचे केडगाव आज अहिल्यानगर महापालिकेच्या हद्दीतील उपनगर आहे. शेतांच्या जागी स्लॅबची घरे आली आणि उन्हाळ्यात वरचा मजला तापू लागला. २०२० पासून राज्यात सुरू असलेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात शहरांच्या हरित आच्छादनालाही गुण मिळतात. त्यामुळे गच्चीवरील हिरवाईला मागणी वाढू शकते. पण सरासरी ५०० ते ६०० मिमी पावसाच्या भागात रोज पाणी मागणारे लॉन परवडेल का?

उत्तर तुमच्या बांधावर आहे

गच्ची म्हणजे उथळ, तापणारी आणि लवकर वाळणारी जमीन. आपल्या मुरमाड माळासारखीच. मारवेल, पवना, कुसळी ही गवते आणि घोळ, माकडशिंग या मांसल वनस्पती अशा जमिनीत तग धरतात. जुन्या माळवदांवर पावसाळ्यात गवत आपोआप उगवायचे. मात्र मुळांच्या वाटेने घर गळते म्हणून लोक ते उपटून टाकत. हा धडा आजही लागू आहे.

आधी वजन, मग रोपे

वापरातील गच्चीसाठी साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो चल भार धरतात. शेतातील माती १० सेंमी थरात पूर्ण भिजली की एकटीच १८० किलोच्या आसपास भरते. म्हणून:

- स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्लॅब तपासून घ्या.
- वॉटरप्रूफिंगनंतर दोन दिवस पाणी साठवून गळती पाहा.
- त्यावर मूळरोधक थर, निचऱ्याचा थर व जाळीकापड टाका.
- कोकोपीट, कंपोस्ट, परलाइट यांचे हलके मिश्रण वापरा.
- पक्ष्यांमुळे उगवणारी वड, पिंपळ, उंबराची रोपे लहान असतानाच काढा.

अपेक्षा रास्त ठेवा

देशी गवत एप्रिल-मेमध्ये वाळते. ते मेलेले नसते. त्या काळात पानांतून होणारा गारवा कमी मिळतो, मुख्य फायदा मातीच्या थराने अडवलेल्या उन्हाचा असतो. वाळलेले गवत पेट घेऊ शकते, म्हणून ते वेळीच कापा आणि जनावरांना घाला.

शेतकऱ्यांना संधी

मारवेल ठोंबांपासून सहज वाढते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने चाऱ्यासाठी मारवेलचे वाण विकसित केले आहेत. ठोंबांची चौकशी तेथे करता येईल. चाऱ्याचे वाण उंच वाढतात, त्यामुळे गच्चीसाठी बांधावरची बुटकी झुडपे निवडा. पावसाळ्यानंतर गवतांचे पिकलेले बी गोळा करा आणि ट्रेमध्ये रोपे तयार करा. माळावरून रोपे उपटून विकू नका; माकडशिंगासारख्या वनस्पती आधीच कमी होत आहेत आणि त्याच माळावर तुमची जनावरे चरतात.

कृषी सहायकांनी पहिल्या वर्षी ग्रामपंचायत किंवा शाळेच्या तपासलेल्या स्लॅबवर दहा बाय दहा फुटांचा एकच वाफा करून पाहावा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा निघाला, गळती नसली, तरच मोठी ऑर्डर घ्यावी.