उद्या तपासणी आहे

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीवर या सदरात आम्ही पूर्वी लिहिले आहे, आणि पाहुण्यांच्या दृष्टीआड माळ्यावर काय काय जाते याचे वर्णन वाचून काही भगिनींनी आम्हांस खोचक पत्रेही धाडली आहेत. यंदा दिवाळी उलटल्यावर अशीच एक आवराआवर आमच्या कानी आली. तिच्यावर मात्र हसणे आम्हांस जमले नाही.

रामबागेतील आमच्या शेजारच्या वहिनींचा धाकटा मुलगा पिथमपूरच्या एका कारखान्यात पाळीवर केमिस्ट आहे. त्या रात्री दहाच्या सुमारास तो परतला तो शर्टावर पिवळ्या रंगाचे ठिपके घेऊन.

“अरे, रसायनशास्त्र सोडून रंगारी केव्हा झालास?” आमच्या सौभाग्यवतींनी विचारले.

“काकू, उद्या तपासणी आहे.”

मग हळूहळू सारे बाहेर आले. जिन्यांच्या कठड्यांना पिवळा रंग दिला होता. वर्षभर कपाटात कुलूपबंद असलेले चष्मे आणि हातमोजे कामगारांच्या हाती आले होते. ते तपासणीनंतर परत जमा करायचे होते. मागच्या आवारात काही पिंपे होती, त्यांवरची लेबले पावसात केव्हाच गळून पडली होती. आत काय आहे हे खात्रीने कोणी सांगेना, म्हणून ती टेम्पोत घालून रातोरात दुसरीकडे हलवली. हे सांगताना तो हसत होता. पण पुढचे सांगताना त्याचा आवाज खाली आला.

कारखान्यात आम्लाच्या वाफा धुऊन काढणारा एक मनोरा असतो; त्यास स्क्रबर म्हणतात. वाफा खालून वर जातात, वरून कॉस्टिक सोड्याचे पाणी पडते, आणि निरुपद्रवी झालेली हवा तेवढी बाहेर जाते. ते पाणी फिरवणारा पंप तीन आठवडे बंद होता. नोंदवहीत मात्र रोज ‘चालू’ असे लिहिले जात होते, आणि त्याच्या पाळीची पाने कोरी होती. ती सकाळपर्यंत भरून सही करावी, असे त्यास सांगण्यात आले होते.

“मग कर की सही,” वहिनी म्हणाल्या. “सगळेच करतात ना? तू एकटा काय जगावेगळा आहेस? घराचे हप्ते कोण भरणार?”

त्यांचे बोलणे आम्हांस कठोर वाटले नाही. ज्या घरात एकच पगार येतो तेथे आईने दुसरे काय बोलावे? पण आमच्या पिढीतील माळवेकरांस अशा कोऱ्या पानांकडे पाहिले की भोपाळ आठवते.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. आत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होते. कामगारांचे डोळे साडेअकराच्या सुमारास चुरचुरू लागले होते. गळती आहे हे कळले होते. पण चहा झाल्यावर बघू, असे ठरले. चहा होईतो टाकी तापली होती. त्या द्रव्यास थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा जूनपासून बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याच्या नळाचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. स्क्रबर होता, पण एवढा लोंढा धुण्याची त्याची ताकद नव्हती. पाण्याचे फवारे सोडले, ते वायू निघत होता त्या उंचीपर्यंत पोहोचले नाहीत. आधी सरकारने तात्काळ मृतांचा आकडा २,२५९ सांगितला. पुढे मध्य प्रदेश सरकारने ३,७८७ मृत्यू मान्य केले. पीडितांच्या संघटना याहून पुष्कळ मोठा आकडा सांगतात.

येथे तपासणी झालीच नव्हती असे कोणी समजू नये. डिसेंबर १९८१ मध्ये याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एक कामगार दगावला होता. मे १९८२ मध्ये मूळ अमेरिकन कंपनीचे पथक येऊन पाहणी करून गेले. विषारी द्रव्य बाहेर पडण्याचा संभव आहे, काही ठिकाणी पाण्याच्या फवाऱ्यांची कायम सोय नाही, अनुभवी माणसे टिकत नाहीत, असे त्यांनी लिहून दिले. त्याच वर्षी राजकुमार केसवानी हे भोपाळचे पत्रकार आपल्या लहानशा साप्ताहिकातून शहरास सावध करीत होते. सरकारी तपासनीसांचे म्हणाल, तर भोपाळच्या कार्यालयात दोघे होते आणि दोघेही यंत्र अभियंते. रसायनाचे ज्ञान त्यांच्याकडून कोणी अपेक्षिलेच नव्हते.

म्हणजे दोष सापडले होते आणि कागदावर उतरलेही होते. पण ते कागद कोणाच्या कपाटात होते? भिंतीला लागून असलेल्या जयप्रकाश नगरातील झोपड्यांत ते कधी गेले नाहीत. त्या रात्री माणसे वाऱ्याच्या दिशेनेच धावली. तोंडावर ओला कपडा धरावा, हे एवढेसे कोणी आधी सांगितले असते तरी कित्येक वाचते. हमीदिया रुग्णालयातील डॉक्टरांसही समोर येणाऱ्या रोग्यांच्या फुप्फुसांत कोणता वायू गेला आहे हे ठाऊक नव्हते.

यानंतर कायदे झाले, आणि कागदावर तरी ते चांगले आहेत. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखान्यांच्या कायद्यात धोकादायक उद्योगांचे नवे प्रकरण घातले गेले. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनी तर कारखानदारावर असे बंधन घातले, की मोठ्या धोक्याच्या कारखान्याबाहेर राहणाऱ्या लोकांना तो धोका कोणता, आणि प्रसंग आल्यास काय करावे व काय करू नये, हे आधी कळवले पाहिजे. हा नियम आमच्या किती वाचकांनी ऐकला आहे? आमच्या ओळखीत कारखान्यांच्या शेजारी राहणारी अनेक घरे आहेत. असे पत्रक हाती पडलेले एकही आम्हांस भेटलेले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुना कारखाने कायदा जाऊन नवी कामगार संहिता लागू झाली आणि इन्स्पेक्टर आता ‘इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर’ झाले. नाव लांबले, नजर किती लांब जाते ते पाहू.

आमचे काही वाचक स्वतःच लहानमोठे कारखानदार आहेत, तेव्हा एक गोष्ट ओघात सांगून टाकतो. मुलामा चढवण्याच्या एका कारखान्यात आम्ही सायनाइडचा डबा आणि आम्लाचा कॅन एकाच फळीवर शेजारीशेजारी पाहिला आहे. दोन्ही सांडून एकत्र आले तर जो वायू निघतो तो माणसास ओरडण्याचीही सवड देत नाही. “जागा कमी आहे हो,” असे मालक म्हणाले. जागा कमी होती हे खरेच होते.

आणि भोपाळ तरी आपल्यापासून दूर कोठे राहिले? त्या बंद कारखान्यातील ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये बंद वाहनांतून पिथमपुरास आला, तेव्हा तेथील लोक रस्त्यावर उतरले होते. जूनअखेर तो जाळून संपला. वहिनींच्या मुलाची बस रोज त्याच रस्त्याने जाते.

त्या रात्री त्याने सही केली नाही. आपल्या पाळीच्या पानांवर ‘पंप बंद’ असे लिहिले आणि व्यवस्थापकांस एक पत्र देऊन त्याच्या प्रतीवर पोच घेतली. सकाळी त्यास सांगण्यात आले, “आज तुम्ही रजा घ्या.” तपासणी सुरळीत पार पडली. दुसऱ्या दिवशी तो गेला तेव्हा टेबलावर नवी कोरी नोंदवही होती, आणि तिच्यात त्याच्या पाळीच्या रकान्यांत दुसऱ्या कोणाच्या अक्षरात ‘चालू’ असे लिहिले होते.

पत्राची पोच वहिनींनी देवघरातील डब्यात ठेवली आहे. मुलास त्या आता काही बोलत नाहीत. या आठवड्यात त्याची रात्रपाळी आहे. डब्याच्या पिशवीत त्या रोज एक धुतलेला पंचा घालतात आणि पाण्याची बाटली भरली आहे ना, हे दोनदा पाहतात. पंप अजून बंद आहे.