पोहता न येणाऱ्यांची जलसहल

खानदेशाला समुद्र नाही. जळगाव-भुसावळच्या माणसाला एका दिवसात जाऊन यायचे आणि आडबाजूच्या पाण्यात मनसोक्त डुंबायचे, तर त्याची नजर सातपुड्याकडे वळते. तापी ओलांडावी, यावल तालुक्यातील केळीच्या बागांमधून आडगावची वाट धरावी आणि डोंगराच्या कुशीतील मनुदेवीच्या धबधब्याखाली उभे राहावे. पावसाळ्यातील रविवारी तेथे एकांत उरत नाही, हा भाग वेगळा.

या हौसेला दर वर्षी राज्यात कोठे ना कोठे गालबोट लागते आणि मग बंदीचे हुकूम सुटतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हाही हेच झाले. असे हुकूम अनाठायी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. डोंगरमाथ्यावर पाऊस कोसळला की पायथ्याशी ऊन असतानाही ओढा पाहता पाहता फुगतो. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. ते उघडू लागले की खालच्या तापीत पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. परंतु प्रत्येक डोहाकाठी शिपाई उभा करता येत नाही, आणि तरुणांचे पाय पाण्याकडे वळायचे थांबत नाहीत.

खरे दुखणे निराळेच आहे. पाण्याला जाणाऱ्यांची पाण्याशी ओळखच उरलेली नाही. एके काळी यावल-रावेरकडच्या मुलाची पोहण्याची शाळा म्हणजे मळ्यातली विहीर. पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा, कमरेला दोर, त्याचे टोक धरून काठावर उभा असलेला काका, आणि न विचारता मागून बसणारा धक्का! आठ-पंधरा दिवसांत पोर हातपाय मारू लागे. मुलींना ही शाळा बहुधा बंदच होती. आता ती मुलांनाही बंद झाली. केळीला बारमाही पाणी लागते. उपसा वाढला, भूजल खोल गेले, विहिरी आटल्या आणि त्यांच्या जागी कूपनलिका आल्या. कूपनलिकेत कोणी पोहायला शिकत नाही. तापी खोऱ्यातील महाकाय भूजल पुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी १० मे २०२५ रोजी केला. त्यातून विहिरींना पाणी येईल तेव्हा येवो. तोवर पोरे थोडीच लहान राहणार आहेत?

शेततळी आली खरी, पण त्यांच्या उतारावरील प्लास्टिकचे अस्तर इतके निसरडे की पोहता येणाऱ्यालाही वर चढणे मुश्कील. काठाला गाठी मारलेला दोर बांधून ठेवायला असा कितीसा खर्च येतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. शाळकरी मुलांना पोहणे शिकवा, हा या संघटनेच्या शिफारशींपैकी एक उपाय. त्यासाठी बांगलादेशातील खेड्यांनी संगमरवरी तलावांची वाट पाहिली नाही. गावच्या तळ्यातच बांबूचे मचाण उभारून मुलांना शिकवले. आपल्या शाळांत शारीरिक शिक्षणाचा तास आहे. त्यात कवायत आहे, पाणी तेवढे नाही.

जिल्हा परिषदेने मनावर घेतले तर तालुक्याला एक कुंपण घातलेले उथळ तळे, शिकवणारा एक पुरुष, एक स्त्री, दोर आणि डबे एवढ्यावर आरंभ होऊ शकेल. बुडणाऱ्यामागे उडी न घेता त्याच्याकडे दोर, फांदी, नेसूचे लुगडे जे हाती लागेल ते फेकावे, हेही तेथे शिकवावे; एकाला वाचवताना दुसरा गेल्याच्या बातम्या थोड्या नाहीत. चौथी-पाचवीच्या मुलामुलींपासून सुरुवात करावी, आणि तीही उन्हाळी सुटीत, सातपुड्याचे ओढे वाहू लागण्याआधी. वैशाखातल्या यावलच्या उन्हात पाण्यात उतरण्याचा कोणाला आग्रह करावा लागणार नाही.