दुर्बिणीने की छाती उघडून? हा प्रश्न शेवटी विचारा

जुना जालन्यातले रुग्ण फुप्फुसाच्या कर्करोगाचा रिपोर्ट घेऊन येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, दुर्बिणीने होईल ना?" माझं स्पष्ट मत आहे, हा प्रश्न शेवटी विचारायचा.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया चांगलीच आहे. ब्रिटनमधल्या 'व्हायोलेट' अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातले ५०३ रुग्ण होते. दुर्बिणीने वेदना कमी झाल्या आणि रुग्णालयातला मुक्काम साधारण ५ ऐवजी ४ दिवसांवर आला. पण गाठ पूर्ण निघण्यात फरक पडला नाही. कारण आतून काढायचा भाग दोन्हींत तोच असतो, फुप्फुसाचा गाठ असलेला कप्पा आणि लसीका ग्रंथी.

म्हणून 'छोट्या छेदा'च्या जाहिरातीला भुलू नका. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली असेल, तर छाती उघडणंच बहुधा सुरक्षित असतं. तो जुनाट उपचार नव्हे.

आधी हे विचारा: आजार कोणत्या टप्प्यात आहे? लसीका ग्रंथी काढणार का? तुम्ही अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? ऐनवेळी छाती उघडावी लागली तर तयारी आहे का?

शंका असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात दुसरं मत घ्या, पण वेळ दवडू नका.