तान्ह्याचे पुरळ : पावडरचा डबा, मलमाची ट्यूब आणि कोरडेपणा

वऱ्हाडातील उन्हाळा लहानथोर पाहत नाही. नांदगाव खंडेश्वर येथे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मोठ्यांच्याही अंगावर घामोळे उठते. मग डायपरमध्ये बांधलेल्या तान्ह्याची अवस्था काय वर्णावी! पूर्वी घरोघरी जुन्या धोतराचे, लुगड्याचे मऊ लंगोट असत. आता किराणा दुकानातही डायपरची पाकिटे टांगलेली दिसतात. लग्नकार्य, अमरावतीचा प्रवास, रात्रीची झोप अशा प्रसंगी त्यांची सोय निर्विवाद आहे. मात्र एकच डायपर सहा-सात तास तसाच राहिला, की बैठकीच्या जागी लाल, झोंबणारे चट्टे उठतात व बाळ किरकिरू लागते.

याला केवळ उष्णता कारण नसते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि ती आम्लता हेच तिचे कवच होय. मल व मूत्र एकत्र आले, की मलातील जंतू मूत्रातील युरियापासून अमोनिया तयार करतात. त्यामुळे आम्लता घटते, मलातील पाचक विकरे प्रबळ होतात आणि ओलाव्याने फुगलेल्या त्वचेस इजा करतात. जुलाब झालेल्या किंवा अँटिबायोटिक चालू असलेल्या बाळास हा त्रास अधिक होतो.

यावरील उपाय खर्चाचा नाही, दक्षतेचा आहे. डायपर दर दोन-तीन तासांनी आणि शी होताच तत्काळ बदलावा. जागा कोमट पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने टिपावी, घासू नये. सुगंधी वाइप्स टाळावेत. डाळीचे पीठ चोळून न्हाऊ घालण्याची रीत चट्टे असेतोवर त्या जागेपुरती थांबवावी. दिवसातून काही वेळ बाळास उघडे ठेवावे. मग झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाडसर थर द्यावा. पुढच्या वेळी मळलेला भाग तेवढा पुसावा, सारा थर खरवडू नये. सुती लंगोट वापरणाऱ्यांनी साबणाचा अंश निघेपर्यंत ते खळबळून उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात दमट लंगोट बांधू नये.

कोरडेपणासाठी पावडर हवीच, हा समज मात्र सोडावा. तिचे सूक्ष्म कण बाळाच्या श्वासात जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, नमुन्यांचा सामू प्रमाणात नसल्याचे कारण देऊन, जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंड कारखान्याचा बेबी पावडरचा उत्पादन परवाना रद्द केला होता. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्दबातल ठरवला. न्यायालयातील वाद मिटला. परंतु ज्या वस्तूवाचून बाळाचे काही अडत नाही, ती घरात असावीच कशाला, हा प्रश्न गृहिणीने स्वतःस विचारावा.

पावडरहून मोठा धोका ट्यूबचा आहे. जांघेच्या घड्यांत गडद लाल चट्टा आणि भोवती सुटे बारीक पुरळ दिसले, तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. अशा वेळी ‘सगळ्यावर चालणारे’ म्हणून स्टिरॉइड, बुरशीनाशक व जंतुनाशक यांचे मिश्र मलम आणले जाते. दोन दिवसांत लाली ओसरते, म्हणून ते पुनःपुन्हा लावले जाते. परंतु तीव्र स्टिरॉइडने कोवळी त्वचा विरते. डायपरखाली ते अधिक शोषले जाऊन रक्तात उतरते. महिनोन्‌महिने लावल्यास बाळाचा चेहरा गोल सुजतो व वाढ खुंटू शकते. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडयुक्त १४ लेपनौषधांची चिठ्ठीविना विक्री बंद केली, ती अशाच दुरुपयोगामुळे.

समाजातील अनेक कुटुंबांचा औषधविक्री हा पिढीजात व्यवसाय आहे. ‘बाळाचं अंग लाल झालं, काहीतरी द्या,’ असे म्हणत ग्राहक येतो, तेव्हा जिंकावयाचा असतो तो त्याचा विश्वास. झिंक ऑक्साइड देऊन ‘तीन दिवसांत उतार न पडल्यास, ताप, पू वा फोड दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवा,’ असे सांगणारा दुकानदार एका ट्यूबचा नफा गमावतो. पण ते घर पुढे वर्षानुवर्षे त्याच्याच दुकानाची पायरी चढते.